पुढच्या चाकांचे मास्तर

मास्तरांनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. चपलांकडे पाहिलं. मी गॅरेजच्या ऑफिसच्या दाराशी चपला काढून आत शेठशी नोकरीचं बोलत होते. बाहेर आले तर साठीचा, बुटका, खाकी अर्ध्या चड्डीतला एक माणूस माझी डावी चप्पल उलटी करून उजेडात धरून उभा.

"ही तुझी?"

"हो."

"डावी टाच भायरसून झिजता. पाय मोडलो होतो?"

सातवीत असताना मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून पडले होते. घोटा मोडला होता. आईसुद्धा ते विसरून गेली होती. मी नुसती मान हलवली. त्यांनी चप्पल खाली ठेवली, दुसरीच्या शेजारी नीट लावली आणि निघून गेले.

ही ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते, कुठल्या लॅबमध्ये नोकरी मिळेना, आणि इथे गाड्यांच्या कामाची जॉब कार्डं लिहायला कोणीतरी हवं होतं. वडील म्हणाले, "गॅरेजात मुलगी?" आई म्हणाली, "घरापासून दहा मिनिटं आहे." आईचं चाललं. मी तिथे सहा वर्षं काढली. त्यातली पहिली पाच मास्तर होते.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. कुठल्या शाळेत ते कधी शिकवायला नव्हते. मालवणकडचे, बायको-मुलं गावी, आणि इथे भांडुपला एका खोलीत चार गाववाल्यांबरोबर राहणं. गॅरेजात त्यांचं काम एकच, पुढची चाकं. चाकांचा सरळपणा, त्यांचे सांधे, त्यांच्यावरचे पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. इंजिनाकडे ते ढुंकूनही बघत नसत. कोणी बॉनेट उघडलं की बाजूला व्हायचे. म्हणायचे, "इंजिन गाडी पळवता. पळवणारे खूप आसत."

आणखी एक गोष्ट सांगितली तर खोटी वाटेल. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. लायसन नव्हतं, आणि काढायचंही नव्हतं. चाचणीला जाताना ते नेहमी डावीकडच्या सीटवर बसत, मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणाले, "सुकाणू हातात घेतला की माका गाडी कळणा नाय." चालवणाऱ्याला ते मोकळ्या रस्त्यावर सांगायचे, "सोड." तो बिचारा घाबरत स्टिअरिंगवरचे हात दोन इंच वर उचलायचा. गाडी हळूच एका बाजूला झुकायची. गाडीचा मालक सोबत असला तर चकित व्हायचा. "अहो, मी रोज चालवतो, कधी ओढत नाही!"

"ओढता," मास्तर म्हणायचे. "तुमी रोज उलटे ओढतास. हात खोटा बोलतत. गाडी खोटा बोलणा नाय."

मग ते त्या माणसाला विचारायचे, उजवा खांदा दुखतो का. बहुतेकांचा दुखत असे.

टायर ते हाताने वाचत. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. डोळे मिटून तळहात बाहेरच्या कडेवरून आत न्यायचा, मग आतून बाहेर आणायचा. आत जाताना गुळगुळीत लागलं आणि परत येताना रबराची बारीक धार बोटांना टोचली, तर चाकं पुढून गरजेपेक्षा जास्त जवळ आली आहेत. उलट झालं तर फाकली आहेत. माझाही हात त्यांनी धरून टायरवरून फिरवला होता. मला पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात एका टॅक्सीच्या टायरवर ती धार अचानक लागली, आणि मला आंधळ्याला अक्षर सापडावं तसं झालं.

त्यांनी मला सगळं उभं करून, चालायला लावून शिकवलं. "चवडे आत घे. आता चाल." मी गॅरेजमध्ये कबुतरासारखी चालले. सगळे हसले. ते हसले नाहीत. "अशी अंधेरीसून बोरिवलीक गेलंस तर चपलेचा काय होयत?" चाकांचे चवडे किती आत हवेत, हा झाला पहिला धडा. दुसरा धडा कलाचा. चाक समोरून पाहिलं तर वरून बाहेर कललंय की आत, आणि त्यामुळे टायरची कुठली कड जमिनीवर जास्त घासते. तिसऱ्याला त्यांनी शेजारच्या भय्याची दुधाची सायकल आणली. "सायकल हात सोडून चलता. कित्याक?"

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मला त्या 'का'चं उत्तर देता येईना. त्यांनी सायकलच्या पुढच्या दांडीच्या रेषेत एक काठी धरली. ती रेषा तिरकी खाली येऊन चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला भिडत होती. म्हणजे चाक सतत त्या रेषेच्या मागून ओढलं जात होतं, आणि ओढलेली वस्तू आपोआप सरळ रांगेत येते. "गाडीचा पण तसाच," ते म्हणाले. "वळण घेतल्यार सुकाणू आपसूक परत येता ता ह्याच्यामुळे." त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलकडे मी बघत होते.

रोज सकाळी आल्यावर ते एक पेला पाणी भरून आपल्या कामाच्या जागेवर, फरशीवर ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी पसरलं आणि थांबलं तर ठीक. एका बाजूला वाहू लागलं की त्या दिवशी काम बंद, आधी सिमेंट. शेठ वैतागायचे. मास्तर म्हणायचे, "जमीनच खोटी आसली तर मी काय मोजू?"

एकदा एक प्राध्यापक आले. त्यांच्या गाडीचं पुढचं डावं टायर सारखं झिजायचं. तीन गॅरेजं झाली होती. मास्तरांनी पुढचं काही न बघता मागे जाऊन डाव्या बाजूला गुडघे टेकले आणि विचारलं, "हयसर काय ठेवतास?"

"काही नाही."

"काय तरी जड. रोज. दोन वर्सां तरी."

प्राध्यापक ओशाळले. त्यांच्या बिल्डिंगला पाणी येत नसे, म्हणून ते रोज मुलुंडच्या मेहुण्याकडून पाण्याचे चार कॅन भरून आणत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून डिकीत, डाव्या कोपऱ्यात लपवत. तिथला पाटा बसला होता, गाडी तिरकी उभी राहत होती, आणि पुढची चाकं त्याची शिक्षा भोगत होती. आम्ही सगळे मास्तरांकडे बघतच राहिलो. ते मात्र प्राध्यापकांना शांतपणे समजावत होते की दोन कॅन उजवीकडे ठेवले तरी पुरे.

त्यांचा एक नियम होता आणि तो शेठनाही मोडता येत नसे. आधी सांधे, मग चाल. म्हणजे चाकं सरळ करण्याआधी गॅरेजच्या फरशीतल्या खड्ड्यात उतरून गाडीच्या पोटाखाली जायचं, एकेक सांधा हलवून बघायचा, पाटे आणि त्यांचे बोल्ट छोट्या हातोडीने ठोकून त्यांचा आवाज ऐकायचा. घट्ट बोल्ट ठण वाजतो. ढिल्याचा आवाज मातीच्या मडक्यासारखा येतो. मी कार्डावर 'पाटे व सांधे तपासले' या रकान्यात बरोबरची खूण करायची आणि मग पुढचं काम. चार वर्षांत ती खूण मी किती वेळा केली असेल कोण जाणे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात हिराबाय नावाची एक विधवा होती. तिचा चारचाकी टेम्पो होता, तिचा मुलगा जयवंत तो चालवायचा, आणि कोळीवाड्यातला निम्मा माल त्यातून बाजारात जायचा. पावसाचे दोन-तीन महिने होड्या बंद, म्हणून टेम्पोही ताडपत्रीखाली उभा. त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी हिराबाय स्वतः टेम्पोत बसून आली.

"मास्तर, स्टेरिंग थरथरतंय. आज सांजच्याला गाडी पायजे. होड्या गेल्या. पहाटे माल आला तर काय मी डोक्यावर नेऊ?"

मास्तर म्हणाले, उद्या संध्याकाळी मिळेल. तिने हात जोडले. तीन महिने घरात चूल कशी पेटली ते तिचं तिला माहीत, असं काहीतरी ती म्हणाली. आदल्या रात्रीच्या पावसाने खड्ड्यात कमरेएवढं पाणी साचलं होतं आणि पंप बिघडलेला होता. मास्तरांनी खड्ड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग टेम्पो जॅकवर घेतला, वरूनच चाकं हलवून पाहिली, चवडे दुरुस्त केले, चाकांचं वजन सारखं केलं. थरथर थांबली. मी कार्ड लिहिलं आणि हात जसा रोज चालायचा तसा चालला. त्या रकान्यात बरोबरची खूण झाली.

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, अंधेरीच्या बाजाराजवळ जयवंतने कुत्रं आडवं आलं म्हणून जोरात ब्रेक मारला. टेम्पो थांबायच्याऐवजी डावीकडे फेकला गेला आणि फुटपाथवर चढला. तिथे उभ्या असलेल्या एका निवृत्त गृहस्थांचं मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला तो नशिबाने. कोळ्याचा पोर, सण नुकताच झालेला. जमलेल्या लोकांनी ठरवून टाकलं की प्यायलेला होता. पोलिसांनी त्याला धरून नेलं, आणि मोडका टेम्पो ओढून आमच्या गॅरेजात आणून ठेवला, कारण तेच सगळ्यांत जवळ होतं.

हिराबाय आली ती सरळ फरशीवर बसली. "माज्या पोराने नाय पिली," ती म्हणाली. "मी आई हाय. मी त्याच्या तोंडाचा वास घेतलाय." मला तिच्याकडे बघवेना.

मास्तर टेम्पोखाली गेले. नेहमी ते पंधरा मिनिटांत बाहेर येत. त्या दिवशी तास झाला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या फडक्यात एका बोल्टचे दोन तुकडे होते. जाड पाट्यांची चवड आणि तिच्याखालचा, दोन चाकांना जोडणारा आडवा अॅक्सल यांना जागेवर ठेवणारा हा मधला बोल्ट. तो तुटला की ब्रेक मारल्यावर ती बाजू मागे सरकते आणि गाडी तिकडेच वळते.

ते मला ऑफिसात घेऊन आले आणि तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चांदीसारखा चकचकीत होता. अर्धा तपकिरी, गंजलेला.

"ह्यो चकचकीत, ह्यो अपघातात तुटलो. आणि ह्यो गंजलेलो जुनो. माशांच्या खारट पाण्यान खाल्लो. महिने झाले आसतीत."

मला समजायला एक क्षण लागला. "म्हणजे आपल्याकडे आला होता तेव्हा..."

"तडो होतो. पाटे आवळणारे यू बोल्ट पण ढिले होते. ठोकून बघलंय आसतंय तर आवाजान सांगितलं आसता."

मी खण उघडून कार्ड काढलं. ती खूण माझ्या शाईत होती. "मास्तर, ही मी केली. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी सवयीने..."

त्यांनी कार्डाकडे पाहिलंही नाही. "तू लिवलंस, कारण चार वर्सां मी एकदाव चुकलंय नाय. खूण तुझी आसा. पण खाली मी उतरलंय नाय."

शेठ दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेठ वाईट माणूस नव्हते. बारा कामगार त्यांच्यावर होते. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, कार्डावर लिहिलंय की पाटे तपासले. कागद आहे आपल्याकडे. बोल्ट आपटून तुटला असं कोणीही म्हणेल. तो तुकडा माझ्याकडे द्या."

मास्तरांनी फडकं मुठीत धरलं.

"तुम्ही स्वतःहून फास लावून घेताय," शेठ म्हणाले. "आणि माझ्या गॅरेजलाही. कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"पोरगो आत आसा, शेठ," मास्तर म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. शेठ दार उघडून बाहेर निघून गेले.

दोन दिवसांनी गाडीची तपासणी करायला सरकारी साहेब आले. बरोबर एक हवालदार. हिराबाय होती, आम्ही सगळे होतो. मास्तरांनी टेम्पोच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून लावल्या होत्या. त्यांनी टेप साहेबांच्या हातात दिली. "तुम्हीच मोजा." साहेबांनी उजवीकडे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं. मग डावीकडे. डावी बाजू अंगठाभर कमी भरली. साहेबांनी पुन्हा मोजलं. मग मास्तरांनी फडकं उलगडून बोल्ट दाखवला, आणि गंज कुठला, नवी तूट कुठली ते सांगितलं.

मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मालवणी पार सोडून ते एकेक शब्द तोलून शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलत होते, कोणाला एकही शब्द चुकीचा समजू नये म्हणून.

साहेबांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन वाचलं. "तीन आठवड्यांपूर्वी काम तुमच्याकडेच झालंय. इथे तपासले म्हणून खूण आहे. मग तुम्हाला हे दिसलं कसं नाही?"

"मी खाली उतरलो नाही, साहेब. खड्ड्यात पाणी होतं. मला थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मुलाची चूक नाही. चूक माझी आहे."

हवालदार लिहायचा थांबला. साहेबांनी विचारलं, "हेच लिहून घेऊ?"

"हेच लिहा. मी सही करतो."

त्यांनी सही केली. चार वर्षांत त्यांचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. अक्षर फार सुंदर होतं.

हिराबाय उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती हात उगारणार. तिचे ओठ हलत होते. "मी घाई केली," ती शेवटी म्हणाली. "मीच केली ना घाई." मास्तरांनी मान हलवली. नाही म्हणाले. घाई तुझी होती, पण नाही म्हणायचं काम माझं होतं, असं त्यांनी तिला पुन्हा मालवणीत सांगितलं.

जयवंत सुटला. मास्तरांना आणि शेठना त्या प्रकरणात बरंच धावावं लागलं. शेठ दोन महिने मास्तरांशी बोलले नाहीत, पण त्यांना काढलंही नाही. मास्तर दर रविवारी भांडुपहून हॉस्पिटलात त्या गृहस्थांना भेटायला जात. पहिले दोन रविवार त्या गृहस्थांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "बसा." काय बोलले ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही. पण पुढे ते गृहस्थ काठी टेकत एकदा गॅरेजात आले होते, आणि दोघं बाकावर अर्धा तास चहा पीत बसले होते. आणि साहेब तपासणी करून गेले त्या दिवसापासून माझ्या कार्डावरच्या त्या रकान्यात मी खूण केली नाही. मास्तर खड्ड्यातून वर आले की ग्रीसने माखलेला अंगठा स्वतः तिथे उठवायचे. शेठ म्हणायचे, कार्डं घाण होतात. व्हायची.

पुढच्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले आणि ते गावी गेले. एक पत्र आलं होतं. नंतर नाही.

पण त्याआधी, दिवाळीनंतर, हिराबाय दुसरीकडे पत्रा दुरुस्त केलेला टेम्पो घेऊन पुढच्या चाकांच्या कामासाठी आमच्याकडेच आली. कोळीवाड्यात सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. शेठनीसुद्धा विचारलं, "बाई, इथेच कशाला?"

"जो स्वतःची चूक बोलतो तो दुसऱ्यांदा नाय करणार," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मला काय ठाव?"

मास्तरांनी टेम्पो दोन दिवस ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं आणि चाचणीची वेळ आली. गॅरेजच्या चालकाला त्यांनी नको म्हटलं. "जयवंताक बोलवा."

जयवंत आला, पण दाराशीच उभा राहिला. अपघातानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. दोन महिने तो घरात जाळी विणत बसला होता. मास्तरांनी दार उघडून धरलं. तो चढला. मास्तर शेजारी बसले. मला त्यांनी मागे चढायला सांगितलं, का ते माहीत नाही.

समुद्राकडे जाणारा रस्ता तेव्हा दुपारी अगदी रिकामा असायचा. दोन्ही बाजूंना खाजणाची दलदल, मध्ये सरळ डांबर. वेग वाढला. मास्तर म्हणाले, "ब्रेक मार."

त्याने मारला नाही. टेम्पो तसाच पुढे गेला. "माज्याने नाय होनार, मास्तर."

"बरा," मास्तर म्हणाले. "वळव."

पुन्हा त्याच टोकापासून सुरुवात. पुन्हा, "ब्रेक मार." पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मास्तर काही बोललेच नाहीत. नुसते समोर बघत राहिले. आणि अचानक जयवंतने दात आवळले, डोळे मिटले आणि पाय पूर्ण दाबला.

मी पुढच्या पत्र्यावर जाऊन आदळले. टायर किंचाळले. टेम्पो थांबला. रस्त्याच्या अगदी मधोमध, नाक समुद्राकडे, जरासुद्धा तिरका नाही.

जयवंतने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. मास्तर खाली उतरले. मागे चालत गेले, वाकले आणि डांबरावर उमटलेल्या काळ्या रेघांपाशी उकिडवे बसले. दोन्ही रेघा एका लांबीच्या होत्या. त्यांनी दोन्हींवरून हात फिरवला. मग हळूहळू परत आले, आत चढले, दार ओढून घेतलं आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"परत," ते म्हणाले.

आम्ही अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी जयवंतने डोळे मिटले नाहीत.